मातीची वायर

भीती दुसऱ्याची असली की जरा गमतीची वाटते. करंबेळकर काकांची भीती संचिताला त्या शुक्रवारी सकाळी अशीच गमतीची वाटली आणि तिने ती चांगली चघळूनही घेतली. दुपारी तीच भीती तिच्या स्वतःच्या पोटात उतरली तेव्हा हसणं कुठल्या कुठे गेलं.

कल्याण पश्चिमेला, शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर संचिता आणि तिचा नवरा विनीत यांचं दुकान आहे. मशिनं भाड्याने द्यायचं. ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायची करवत, भिंत फोडायचा हॅमर, गवत कापायचं मशीन, काय म्हणाल ते. दुरुस्ती विनीतकडे आणि गिऱ्हाईक संचिताकडे, अशी वाटणी लग्नानंतर आपोआप झाली होती. विनीतला बोलायचा कंटाळा आणि संचिताला गप्प बसायचा.

येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, वायरवालं घेऊ की बॅटरीवालं? संचिताचं उत्तर तोंडपाठ होतं. "काम कुठे आहे ते सांगा आधी. वर्कशॉपमध्ये एका जागी उभं राहून दिवसभर चालवायचंय, तर वायरवालं. लाईट आहे तोवर त्याचा जोर कमी होत नाही. शिडीवर, गच्चीवर, बागेत, जिथे बोर्ड लांब आहे, तिथे बॅटरीवालं. पायात वायर येत नाही, ओल्यात करंटची भीती नाही. पण बॅटरी संपली की बसलात तुम्ही हातावर हात ठेवून." हे ती अशा ठसक्यात सांगायची की समोरचा मान डोलावून मशीन उचलायचा. मशिनीच्या पोटात काय असतं ते मात्र तिने कधी उघडून पाहिलं नव्हतं. ते विनीतचं खातं.

सुधीर करंबेळकर आंबिवलीला एका रो-हाऊसमध्ये राहायचे. विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून रिटायर झालेले, म्हणजे जन्मभर लोकांच्या अपघातांच्या फायली वाचलेला माणूस. कोण कशाने गेलं ते त्यांना इतकं पाठ होतं की ते बाथरूममध्येसुद्धा पाऊल तपासून टाकतात, असं त्यांच्या बायकोचं, हेमाकाकूंचं म्हणणं. रविवारी नातीचा, उर्वीचा वाढदिवस होता. मुलगा केदार सगळ्यांना घेऊन पुण्याहून येणार होता, टेबलखुर्च्या मागच्या लॉनवर मांडायच्या होत्या आणि तिथलं गवत घोट्याच्या वर गेलं होतं.

"मला बॅटरीवालंच हवं आहे," काका हेमाकाकूंबरोबर दुकानात शिरता शिरता म्हणाले. "आमचं लॉन कायम ओलं असतं. तिथे वायर फिरवायची नाही मला."

बोलणं अगदी बरोबर होतं. एरवी संचितानेही हेच सांगितलं असतं. पण दुकानाच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट घालवतात, आणि बॅटरीवालं मशीन आदल्या गिऱ्हाइकाने पार रिकामं करून आणून टाकलं होतं. बॅटरी चार्जरवर बसली होती, पण चार्जरचा दिवाच लागत नव्हता.

"काका, बॅटरी मेलीय. इथली लाईट कधी येईल काही सांगता येत नाही, तुमच्याकडे तर आहे. वायरवालं न्या ना, दणकट आहे," संचिताने कोपऱ्यातलं जुनं, लोखंडी दांड्याचं मशीन पुढे ओढलं. "लांब वायर देते सोबत."

"उद्यापर्यंत थांबलो तर?"

"उद्या माझ्याकडे डेकोरेशनवाला येणार आहे," हेमाकाकू म्हणाल्या. "आजच कापून टाका. याला काय होतंय?"

त्या मशिनीची थ्री पिन जळून काळी पडली होती. विनीत सकाळीच कळव्याला सामान आणायला गेला होता. संचिताने त्याला फोन लावला तेव्हा तो रस्त्यात होता आणि मागून हॉर्न वाजत होते.

"गवताच्या मशीनची पिन जळलीय रे. नवी मी लावू? आत तीन वायरी आहेत."

"लाव की. माती मोठ्या पिनला. बाकी दोन कुठेही लाव, फरक नाही पडत. स्क्रू टाईट कर."

माती हा शब्द विनीतला परशुराम उस्तादाकडून मिळाला होता. कळव्याला उस्तादाच्या हाताखाली विनीत काम शिकला, आणि उस्तादाने वायरींना स्वतःची नावं ठेवली होती. करंट आणणारी ती गरम, परत नेणारी ती थंड, आणि अर्थिंगची ती माती, कारण ती शेवटी जमिनीत जाते. संचिता लग्न होऊन आल्यापासून दुकानात माती माती ऐकत होती. आता तिने मशिनीच्या वायरीचं टोक सोललं तर आत एक निळी निघाली, एक हिरवी, तिच्यावर पिवळी रेघ, आणि एक चॉकलेटी. यातली माती कुठली हे कुणाला विचारायला कशाला हवं? तिने चॉकलेटी वायर मोठ्या पिनला आवळली, बाकीच्या दोन उरलेल्या दोन पिनांना लावल्या आणि झाकण बसवलं. स्वतःवर ती फार खूश झाली.

काका सगळं बारकाईने बघत होते. "एकदा चालवून पाहू या का?"

"लाईट कुठेय काका?"

हेमाकाकू हसल्या. "यांचं असंच असतं गं. गॅसचा लायटर मारायचा तरी डोळे मिटून घेतात."

"काका, एवढे घाबरलात तर गवतच तुम्हाला कापायला उठेल," संचिता म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. काकाही हसले, पण उगाच, सगळे हसतायत म्हणून.

"मी आपली रबरी चप्पल घालून उतरेन," ते म्हणाले.

"अजिबात नाही. माझ्या लॉनवर चप्पल चालत नाही. अनवाणी फिरावं, डोळ्यांना थंडावा मिळतो."

झालं. मशीन त्यांच्या गाडीच्या डिकीत गेलं. जाताना काकांनी संचिताला दुपारी ऊन कललं की काम काढतो असं सांगितलं, तिचा नंबर घेतला, आपला नंबर आणि पत्ता लिहून दिला आणि सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला. संचिताला तेही बघून हसू आलं.

दुपारी लाईट आली. पंखे फिरले, चार्जरवरचा दिवा लागला. संचिताला हुरूप आला होता. भिंत फोडायच्या हॅमरचीही पिन सैल झाली होती, ती घेऊन ती काउंटरवर बसली. कळव्याहून परतलेला विनीत जेवून हात पुसत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. त्याला बायकोचं कौतुक वाटत होतं. मग त्याचा हात पुसायचा थांबला.

"ही मोठ्या पिनला कुठली लावतेयस?"

"माती."

"ही माती?"

"मग? मातीच्या रंगाची दुसरी कुठली आहे यात?"

"अगं, ती गरम आहे," विनीत म्हणाला. "चॉकलेटी म्हणजे गरम. माती हिरवी असते."

संचिताला आधी ते विचित्रच वाटलं. माती हिरवी कशी असेल? ती तसं म्हणणारही होती, इतक्यात विनीतने विचारलं, "सकाळी गवताच्या मशीनला कशी लावलीस?" आणि तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवला.

"अशीच," ती म्हणाली.

विनीत चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, नुसता उभा राहिला, आणि मग हळू आवाजात समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगतात तसं, आणि तेच भयंकर होतं. मशिनीच्या आत हिरवी वायर लोखंडाला जोडलेली असते. दांडा, झाकण, सगळ्या लोखंडाला. चॉकलेटी मातीच्या जागी गेली म्हणजे हिरवी उरलेल्या दोनपैकी एका पिनवर बसली. थंडच्या पिनवर बसली असेल तर त्यातल्या त्यात बरं. मशीन चालेलसुद्धा. गरमच्या पिनवर बसली असेल तर मशीन चालणार नाही, पण बटण दाबा न दाबा, भिंतीतला सगळा करंट दांड्यात येऊन थांबेल. जमिनीत उतरायला वाट शोधत.

"हिरवी कुठल्या बाजूला लावलीस?"

संचिताने आठवायचा प्रयत्न केला. तिला हेमाकाकूंची नथीच्या आकाराची कर्णफुलं आठवली. काकांचं दोनदा सीटबेल्ट ओढणं आठवलं. गवतच तुम्हाला कापायला उठेल, हे स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. हिरवी वायर कुठल्या बाजूला गेली ते आठवेना. कुठेही लाव म्हटलं होतं, म्हणून तिने कुठेही लावली होती.

ती काकांना फोन लावू लागली. फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. वाजणारा फोन माणसाने उचलला नाही म्हणजे तो बाथरूममध्ये असतो, झोपलेला असतो, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो, हे तिला कळत होतं. पण तिला दिसत होतं ते एवढंच की फोन टेबलावर वाजतोय आणि मागे लॉनवर माणूस पडलाय.

विनीतने शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली.

शहाडच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. विनीत ट्रक आणि रिक्षांच्या मधून वाट काढत होता, आणि संचिता एका हाताने त्याचा शर्ट धरून दुसऱ्या हाताने फोन लावत होती.  

"घर जुनं आहे का?" विनीतने मान वळवून विचारलं. "करंट लागला की आपोआप बंद पडणारा स्विच असतो हल्ली. तो असला तर वाचतील."

"मला काय माहीत? मी कधी गेलेय त्यांच्याकडे?"

"चप्पल घालतात का बघ, म्हणजे, काही बोललेले का तसं?"

संचिताला सकाळ आठवली. रबरी चप्पल घालतो म्हणाले होते ते. आणि चालत नाही म्हणाल्या होत्या त्या. आणि ती मध्ये उभी राहून खिदळत होती.

"आठव ना संचिता. पिन हातात होती तुझ्या. हिरवी जवळच्या बाजूला होती की पलीकडच्या?"

"नाही आठवत रे."

"डोळे मिटून आठव."

तिने डोळे मिटले. अंधारात तिची स्वतःची बोटं दिसली, पिन दिसली, आणि हिरवी वायर कधी या बाजूला दिसे, कधी त्या. मग तिने गावच्या देवीला हाक मारली. पण मागायचं काय हेच तिला कळेना. हिरवी थंडच्या पिनला असू दे, असं मागावं तर वायर सकाळपासून जिथे आहे तिथेच होती. देवी काही आता आंबिवलीला जाऊन स्क्रू सोडवून वायर बदलणार नव्हती. शेवटी तिने काकांना उशीर होऊ दे एवढंच मागितलं. त्यांना झोप लागू दे. कुणीतरी गप्पा मारायला येऊ दे. त्यांना आज कंटाळा येऊ दे.

"काही झालं असलं तर," विनीत पुलावरून खाली उतरताना म्हणाला, "पिन मी लावलेली म्हणून सांगायचं. तू काही बोलायचं नाहीस."

हे ऐकून तिचं उरलंसुरलं अवसान गळालं. म्हणजे विनीतच्या डोक्यात ते होऊन गेलं होतं. तो पुढचं बघायला लागला होता, पोलीस, जबाब, सगळं.

"काकांच्या समोर लावलीय मी," ती म्हणाली. "ते बघत होते."

ते सांगतील, असं ती पुढे म्हणणार होती. पण सांगायला ते उरले असतील तर, हा विचार आला आणि तिने शर्ट दोन्ही हातांनी धरला.

रो-हाऊसच्या गल्लीत वळले तर पुढे माणसं जमली होती. सात-आठ जण एका फाटकासमोर उभे, माना आत वळलेल्या, एक बाई तोंडाला पदर लावून. संचिता चालत्या स्कूटरवरून उतरली. उतरली म्हणजे पाय टेकले आणि तोल जाऊन पडली. विनीतने तिला दंडाला धरून उभं केलं. तेवढ्यात गर्दीतून एक भंगारवाला वजनकाटा हातात घेऊन तावातावाने बाहेर आला, मागोमाग एक आजोबा, आणि भांडण जुन्या कूलरचं आहे हे कळलं. करंबेळकरांचं घर आणखी चार दारं पुढे होतं. ती पळाली.

फाटक उघडंच होतं. घराच्या बाजूने मागे जायचा बोळ होता. त्या बोळात, खिडकीतून बाहेर आलेली काळी वायर जमिनीवरून मागे गेली होती. तीच लांब वायर, तिनेच सोबत दिलेली. संचिताने ती बघितली आणि वायरीवर पाय पडू न देता भिंतीला घासत पुढे गेली.

काका उभे होते.

मागच्या व्हरांड्याच्या काठाला, फरशीवर, जिवंत उभे होते. मशीन त्यांच्यासमोर होतं, प्लॅस्टिकची पुढची चाकं गवताच्या कडेला लागलेली. लॉनला नुकतंच पाणी घातलं असावं, पातीपातीवर थेंब होते. मशीन बंद होतं, आवाज नव्हता, आणि त्या शांततेचा अर्थ संचिताला आता चांगला कळत होता. चालत नाही म्हणजे हिरवी गरमवर आहे. काकांचे दोन्ही हात दांड्यावर होते. उजव्या पायातली रबरी चप्पल काढलेली होती, आणि तो उघडा पाय उचलून ते गवतावर टाकायच्या बेतात होते.

"काका, पाय टाकू नका."

आवाज तिला वाटला त्यापेक्षा फार लहान आला, पण त्यांनी ऐकला. पाय हवेतच थांबला. "अगं, तू कशी काय इकडे?"

"पाय वरच ठेवा. दांडा सोडा. काका, हात सोडा."

म्हाताऱ्या माणसाला एका पायावर उभं राहायला सांगायचं आणि वर हात सोडायला सांगायचं. काकांचा तोल जायला लागला, तसा त्यांनी दांडा आणखी घट्ट धरला. उघडा पाय गवतावर लोंबकळत खाली-वर होऊ लागला. संचिता दोन पावलं पुढे झाली आणि थबकली. तिला त्यांना धरता येत नव्हतं. धरलं तर तीही गेली असती, आणि न धरता बघत राहणं तिला जमत नव्हतं. जन्मात कधी एवढी भीती तिला वाटली नव्हती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत हेमाकाकूंचा चेहरा आला. मिक्सर चालू होता.

"काकू, लाईट बंद करा," संचिता ओरडली. "आधी लाईट बंद करा."

काकूंनी मान हलवली, हात लांब केला, आणि स्वयंपाकघरातली ट्यूब विझली. मिक्सर चालूच राहिला.

आणि मग वायर ताणली गेली. मागे बोळात विनीतने ती दोन्ही हातांत धरून, भिंतीला पाय लावून हिसका मारला होता. आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला, खिडकीतून बोर्डाचं प्लॅस्टिक आणि पिन एकदमच बाहेर आले आणि फरशीवर आपटले. त्याच क्षणी काकांचा तोल गेला, आणि त्यांचा उघडा पाय ओल्या गवतावर पडला.

काही झालं नाही. ते नुसते गवतात उभे होते, एका पायात चप्पल, हातात दांडा.

"बोर्ड तोडलात की हो माझा," आतून हेमाकाकूंचा आवाज आला.

विनीतने मशिनीची थ्री पिन उघडली. बघितली, आणि संचितासमोर धरली. हिरवी वायर गरमच्या पिनला आवळलेली होती, चांगली टाईट, स्क्रू पक्का बसलेला. संचिता व्हरांड्याच्या पायरीवर बसली.  हेमाकाकू हात पुसत बाहेर आल्या तेव्हा तिने सगळं सांगितलं. माती म्हणजे काय, तिला वाटलं काय, चॉकलेटी कुठे गेली आणि हिरवी कुठे. मध्ये विनीत बोलायला लागला, मी फोनवर नीट सांगायला पाहिजे होतं म्हणून, तर तिने त्याला बोलू दिलं नाही. "पिन मी लावली," ती म्हणाली. "काका, तुमच्या समोर मी लावली."

काका तिच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले.

"तरीच चालू होत नव्हतं," ते म्हणाले. "आणि हाताला मुंग्या येत होत्या."

"मुंग्या तुम्हाला येतातच की," हेमाकाकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण जीभ जुन्या वळणाने चालत होती. "शुगरच्या आहेत त्या. कालही येत होत्या."

"शुगरच्या नव्हत्या."

"तुम्हाला काय कळतंय?"

"शुगरच्या मुंग्या बोटांच्या टोकांना येतात, हेमा, आणि येतात त्या तासभर जात नाहीत. या दांडा धरला की यायच्या आणि सोडला की जायच्या. मी सोडून बघितलं, पुन्हा धरून बघितलं. कोपरापर्यंत येत होत्या." ते अगदी सरळ आवाजात सांगत होते, ऑफिसात फाईल वाचून दाखवावी तसं. "अशा केस मी वाचलेल्या आहेत. मला माहीत होतं ते काय आहे."

"माहीत होतं?" संचिता म्हणाली. "मग काका, बंद का नाही केलंत? काकूंना हाक तरी मारायची."

 गल्लीत भंगारवाला अजून भांडत होता.

"हाक मारून काय सांगणार होतो?" ते म्हणाले. "करंट येतोय म्हणून? सकाळी तुम्ही दोघी एवढ्या हसत होतात. म्हटलं, हे आपलं नेहमीचंच असेल. सगळं आयुष्य असंच काहीबाही वाटत आलंय मला आणि दर वेळी काही झालेलं नाही. म्हटलं, आज घाबरायचं नाही. चप्पल काढायची आणि सरळ उतरायचं."

संचिताने मान खाली घातली. चुकीची वायर तिला माफ करता आली असती. माती शब्दच तसा होता, कुणीही फसलं असतं. हे वेगळं होतं. या माणसाला धोका बरोबर कळला होता, आणि त्याने त्याचा स्वतःचा शब्द मानला नाही, कारण काउंटरमागून ती हसली होती. तिला काका माफ करा म्हणायचं होतं, पण कशाकशासाठी म्हणायचं तेच कळेना.

हेमाकाकू खाली वाकल्या. गवताच्या कडेला उलटी पडलेली चप्पल त्यांनी उचलली, पदराने तिचा ओला तळ पुसला आणि नवऱ्याच्या पायात घातली. मग त्या तिथेच, त्यांच्या पायाशी फरशीवर बसल्या आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे स्वतःचे हात इतके थरथरत होते की कुणाचा हात थरथरतोय ते सांगता आलं नसतं.

"अजून येतायत का हो?" त्यांनी विचारलं.

"येतायत," काका म्हणाले.

वायर तर केव्हाच निघाली होती. तरी विनीत उठला आणि बोळातून जाऊन पुन्हा एकदा बघून आला.